पाच दारांचं घर

विमलताईला कुणी विचारलं, "तुमचं घर कोणतं हो?" की ती बोट दाखवत नाही. हात वर करून हवेत एक गोल काढते आणि म्हणते, "हे काय, हेच." विचारणारा गोंधळतो. मीही पहिल्यांदा गोंधळले होते, आणि गोंधळायला मला आवडत नाही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. प्रश्नाला उत्तर हवं, गोल नको.

दिग्रसला माझ्या घराचं कुंपण संपतं तिथून सरकीपुरा सुरू होतो. एका जुन्या जिनिंगच्या मागची ही गल्ली. कापसातून निघालेली सरकी पूर्वी या बाजूला ढिगानं पडायची, म्हणून हे नाव. जिनिंगच्या कामगारांनी मालकाच्या तोंडी परवानगीवर तिथे एकेक खोली उभी केली. विमलताई आणि तिचा नवरा विठ्ठलराव, दोघंही त्यांतलेच. ती कापसातली डागाळलेली, किडकी बोंडं वेचायची. तो गाठी बांधायच्या प्रेसवर होता.

हंगामात जिनिंग दोन पाळ्यांत चालायचं. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. एका खोलीत झोपणार कोण, रांधणार कोण आणि रडणार कोण? तेव्हा शेजारच्या पाच घरांनी मिळून एक सोय केली. ती कुणी सभा घेऊन ठरवली नाही, होत गेली. बबनरावानं आपल्या खोलीवर स्लॅब टाकून पंखा लावला आणि रात्रपाळीची माणसं दिवसा तिथे झोपू लागली. पंजाबराव जिनिंगचा फिटर, पाइप जोडणं त्याच्या हातचं काम, म्हणून नळ आणि न्हाणी त्याच्या दारी. रूपसिंगच्या बायकोकडे मोठी चूल. हिरासिंगचं अंगण, त्यात कडुनिंब, त्याच्या बकऱ्या आणि सगळ्यांच्या पंगती. आणि विमलताईची खोली पाळण्यांची. तिच्या आढ्याला पंजाबरावानं लोखंडी कड्या ठोकून दिल्या होत्या. ज्या बाईची पाळी असेल तिचं मूल तिथे टांगलेलं, आणि जी घरी असेल ती दोऱ्या ओढणार. गल्लीतली निम्मी पोरं त्या एका छताकडे बघत मोठी झाली आहेत.

मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडले, शेतकरी सोयाबीनकडे वळले. जिनिंगचा भोंगा आधी एकाच पाळीचा झाला आणि मग मुका झाला. माणसं मिळेल त्या कामाला लागली. विमलताई आणि रूपसिंगची बायको लग्नाकार्यात रोडगे करून द्यायला लागल्या. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी. इकडे त्याशिवाय पंगत पंगत वाटत नाही. काम बदललं, पण घर तसंच राहिलं. विमलताई झोपते एका दारात, आंघोळ करते दुसऱ्यात, रांधते तिसऱ्यात. गोल काढेल नाहीतर काय करेल?

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला योजना आली. बंद जिनिंगच्या जागी दुकानांचं संकुल होणार, आणि सरकीपुऱ्याला आर्णी रोडवर गावाबाहेर इमारतींमध्ये खोल्या मिळणार. कुणाला कोणती खोली, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. मी स्वतः जाऊन नमुन्याची खोली पाहून आले. चांगली होती. मी खोटं का बोलू? सरकीपुऱ्याच्या उघड्या नालीचा वास रोज माझ्या स्वयंपाकघरात येत होता, तेव्हा मला ती जरा जास्तच चांगली वाटली असेल.

विमलताईला म्हटलं, "का नाही जात गं तुम्ही? आत संडास आहे, नळ आहे, खिडकीला जाळी आहे. अजून काय पाहिजे?"

"जाळी चांगली हाय, मॅडम."

"मग?"

"मंग काय? पंजाबभाऊ तिसऱ्या माळ्यावर, बबनभाऊ पल्याडच्या बिल्डिंगीत, अन् हिरासिंगच्या बकऱ्या कोनत्या माळ्यावर ठेवाच्या थे तुमीच सांगा. रोडगे काय गॅसवर भाजू?"

"बकऱ्यांपायी कोणी पक्कं घर सोडतं का?"

"मी कुठं घर सोडून राह्यली? सोडाले त तुमी सांगून राह्यल्या!" आणि हसत सुटली. तिचं हे हसणं मला फार चिडवतं, कारण त्यापुढे मुद्दा मांडता येत नाही.

चिठ्ठ्या टाकायच्या तर आधी घरं मोजायला हवीत. मोजणीवाले दोनदा आले. दोन्ही वेळा सगळ्या दारांना कुलपं आणि अख्खी गल्ली बाजारात जाऊन बसलेली. तेव्हापासून पंजाबराव गल्लीच्या तोंडाशी उलट्या ड्रमवर काठी घेऊन बसू लागला. वय झालेलं, नजर अधू, पण आवाज जिनिंगच्या भोंग्याचा.

आणि नेमकं त्याच वेळी प्रेरणाचं जमत आलं. प्रेरणा म्हणजे विमलताईची एकुलती एक मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून गावातल्या दवाखान्यात लागलेली, बोलायला चटपटीत. मुलगा उमरखेडचा, मोटार वायंडिंगचं स्वतःचं दुकान. त्याचं खरं नाव काय ते मला आजही माहीत नाही, सगळे पिंटू म्हणतात. मोजणी झाली की संक्रांतीच्या आत चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांनंतर ट्रक, असं ऐकू येत होतं. विमलताईचा जीव त्यात अडकला होता.

"मॅडम, हे घर फुटाच्या आंधी पोरगी याच घरातून गेली पाह्यजे," ती म्हणाली. त्या एकाच वेळी ती हसली नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पाहुणे येणार होते. मध्यस्थानं निरोप दिला होता, माणसं पांढऱ्या जीपनं येतील. गल्ली पहाटेपासून कामाला लागली. रूपसिंगच्या चुलीवर वांग्याची भाजी, हिरासिंगच्या अंगणात गोवऱ्यांचा आर. बबनरावाच्या खोलीत खुर्च्या मांडून थंडीतही पंखा सुरू ठेवला, पंखा आहे हे कळावं म्हणून. विठ्ठलरावाला नवी टोपी घालून दाराशी उभा केला. मलाही बोलावणं होतं. "एक शिकलेलं मानूस बसलेलं बरं दिसते," विमलताई म्हणाली. म्हणजे माझी गणती पंख्यात.

पांढरी जीप आली. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उतरला, मागून दोन वयस्क माणसं. पंजाबरावानं जीप पाहिली आणि ड्रमवरून उठून चक्क रामराम केला. बायकांनी पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, बबनरावाच्या खोलीत बसवलं. पोहे आले. तरुणाचा चेहरा असा खुलला की बस.

"आम्हाला तर फार भीती घातली होती हो," तो म्हणाला. "सरकीपुऱ्यात कोणी उभं करत नाही म्हणाले."

"कोन म्हंते?" विठ्ठलराव दुखावला. "पाहुण्याइले आमी कायले नाही उभं करू? बसा ना बाप्पा. अजून पोहे घ्या."

प्रेरणा चहा घेऊन आली. मी बारकाईनं बघत होते, तर मुलगा मुलीकडे बघेचना. छत बघतो, भिंती बघतो, दारातून पलीकडे डोकावतो. मला वाटलं, लोभी दिसतो मेला. प्रेरणा आत गेली आणि आईच्या कानाशी कुजबुजली. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"आई, फोटोतला हा नाही वाटत."

"फोटोत कोन खरं दिसते? तुह्या बापाचा फोटो पाह्य."

मग त्या तरुणानं विचारलं, "घर बघून घेऊ का?"

विमलताई याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं त्यांना फिरवलं. "ही आमची बैठक. हे न्हानी. हे चूल. या जी, डोकं सांभाळा, हे आमचं अंगन." पाच दारं झाली. मागे चालणारा वयस्क माणूस डोकं खाजवत म्हणाला, "बाई, सगळंच तुमचं कसं? तुमचं दार नेमकं कोणतं?" विमलताईनं हवेत गोल काढला.

तोवर अंगणात पानं मांडली गेली होती. कप कमी पडत होते, जेवणानंतर पुन्हा चहा लागणार, म्हणून मी माझ्या घरच्या कपबश्या आणायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी पाहते तो पंजाबराव काठी आडवी धरून उभा. समोर धुळीनं माखलेली तीन माणसं. एक पोक्त बाई, हातात संत्र्यांची पिशवी. तिचा भाऊ असावा असा एक माणूस. आणि मागे एक लाजरा मुलगा.

"मोजनी-बिजनी नाही होत आज," पंजाबराव गरजत होता. "घरात पाहुने हायेत."

"अन् आमी कोन हाओत मंग?" बाई म्हणाली.

"तुमी कोनबी असा! बाईले संग आनलं म्हनून का सोडीन मी? आता बायाइलेबी मोजाले लावून राह्यलं का सरकार?"

बाईनं त्याला नखशिखांत पाहिलं, पदर खोचला आणि एक शब्द न बोलता वळली. मी पोचेपर्यंत तिघं माझ्याच ओट्यावर येऊन टेकली होती. मुलगा म्हणत होता, "आई, चाल ना. बस निंघून जाईन."

"कुठून आलात?" मी विचारलं.

"उमरखेडहून. जीप पुसदजवळ बंद पडली, मंग बसनं आलो. पोरगी पाह्याले आलतो." बाईनं संत्र्यांची पिशवी ओट्यावर आपटली. "काठी पाह्यली."

मला दोन गोष्टी एकदम कळल्या: खरे पाहुणे हे, आणि आत पानावर बसलेले दुसरेच कुणीतरी. "उठायचं नाही इथून," मी त्यांना दरडावलं. मला दरडावायची सवय आहे, लोक ऐकतात. तशीच परत गेले.

अंगणात तो तरुण पानावर बसला होता. विमलताई त्याच्या रोडग्यावर तूप सोडत होती. मी सरळ विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी साकेत," तो म्हणाला. "यवतमाळहून आलोय, मोजणीसाठी. आधीच्या साहेबांची बदली झाली ना."

रूपसिंगच्या बायकोनं पदर तोंडात कोंबला. विठ्ठलरावानं टोपी काढून हातात घेतली. विमलताईच्या हातातली तुपाची वाटी थांबली. तिनं साकेतकडे पाहिलं, त्याच्या पानाकडे पाहिलं. मग वाटी पुन्हा कलती झाली आणि उरलेलं तूप तिनं त्याच्याच रोडग्यावर ओतलं.

"पानावर बसलं त बसलं. जेवा आता," ती म्हणाली. "अन् खरे पाहुने कुठं हायेत, मॅडम?"

"माझ्या ओट्यावर. पंजाबरावानं हाकललेत."

ती धावली, अनवाणीच. मी मागे. मला वाटलं होतं, आता ही हात जोडणार, रडणार. ओट्यासमोर गेली, त्या बाईकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. थांबवता थांबेना. डोळ्यांतून पाणी, कंबरेवर हात.

"अवो बाई," शेवटी तिला शब्द सापडले, "तुमच्या वाटचं जेवन थे मोजनीवाले जेवून राह्यले!"

बाईचं नाव अनुसयाबाई. ती हसली नाही. "अन् त्याइच्या वाटची काठी आमाले भेटली," ती म्हणाली.

"चला ना. तुमच्या पाया पडते."

"पाया नोको पडू. भूक लागली म्हनून येतो. सोयरीक म्हनून नाही."

वाटेत पंजाबराव भेटला. त्याला कुणी सांगितलं असावं, कारण तो काठी पाठीमागे लपवून उभा होता, जणू काठी दिसली नाही तर घडलेलंही दिसणार नाही. अनुसयाबाई त्याच्यापाशी थांबली. "भाऊ, आता जाऊ काय आत? का मोजून घेता?" पंजाबरावाला आयुष्यात पहिल्यांदा आवाज सापडला नाही.

अंगणात दुसरी पंगत बसली. साकेत पानावरून उठायला बघत होता, विमलताईनं खांदा दाबून बसवला. आता मोजणीवाले आणि सोयरे समोरासमोर. अनुसयाबाई जेवत होती आणि तिचे डोळे फिरत होते: चूल, न्हाणी, पंखा. पिंटू मात्र एकाच जागी बघत होता. प्रेरणा वाढायला आली की त्याचा घास तोंडाबाहेर राहायचा. मला बरं वाटलं, याला तरी छताचं कौतुक नाही.

जेवण झालं. अनुसयाबाईनं हात धुतले आणि मुद्द्याला हात घातला. ही बाई मला आवडली.

"यातलं तुमचं काय? खरं सांगजा."

विमलताईनं क्षणभरही विचार केला नाही. "थे मधली खोली. बाकी बबनभाऊ, पंजाबभाऊ, रूपसिंग अन् हिरासिंगचं. पन आज तुमाले दाखवासाठी मांडलं नाही बाई. आमी रोजच असे राह्यतो. माह्या खोलीत चूलच नाही, पाहून घ्या."

अनुसयाबाई त्या खोलीत शिरली. आम्ही दाराशी. खोली लहान, एक बाज, एक पेटी, बस. तिनं वर पाहिलं. आढ्याला ओळीनं कड्या. काही गंजलेल्या, काही वापरून चकचकीत.

"ह्या कायच्या?"

"पाळण्याच्या," प्रेरणानं सांगितलं. इतका वेळ मान खाली घालून होती ती पुढे आली. "ही माझी. ही रूपसिंगकाकाच्या मोठ्याची. या कोपऱ्यातल्या कडीत बबनकाकाची पोरगी होती, तिचं रडणं सगळ्यात मोठं. आईची पाळी असली की मले काकू हालवे, काकूची असली की तिच्या पोराइले आई."

अनुसयाबाईनं एकेक कडी मोजल्यासारखी पाहिली. मग बाजेवर बसली.

"आमचं गाव धरनात गेलं," ती म्हणाली. "नव्या गावठानात घर भेटलं. पक्कं होतं, वाईट नोहतं. पन कोन कुठं पडलं कोनाले माहीत? जुन्या शेजारीन दुसऱ्या टोकाले. हा पिंट्या तवा अंगावर पेत होता. पानी आनाले जाओ त याले कोनापाशी ठेवू? पाठीले बांधून हापशीवर जाओ. अजून याले उंच जागेची भीती नाही, पाठीवरच वाढला ना." पिंटू दाराशी लाल झाला. मग तिनं साकेतला हाक मारली. "ओ मोजनीवाले, इकडे या. हे कसं मोजनार तुमी?"

साकेतनं डोकं आत घातलं, वर पाहिलं. "तेच मला सकाळपासून कळेना, काकू," तो म्हणाला. "मला वाटलं, पोहे जास्त झाले म्हणून कळत नाही." त्याच्यासोबतचा वयस्क माणूस अंगणातून ओरडला, "साहेब, अजून एक रोडगा आहे म्हणतात!"

तेव्हा अनुसयाबाई हसली. एकदा हसायला लागली तर विमलताईच्या वरताण.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. "पन अट हाय माही एक."

अट म्हटल्यावर विठ्ठलरावानं पुन्हा टोपी काढली. मी तर भांडायच्या तयारीनं पुढे सरकले. हुंड्याचा शब्द निघाला असता तर मी सगळी सोयरीक ओट्यावर नेऊन मोडली असती.

"लग्न इथंच. याच पाच दारात. मंगल कार्यालयात मी येनार नाही. अन् पयलं बाळंतपन इथंच कराचं, याच कडीले पाळना." तिनं प्रेरणाची कडी बोटानं दाखवली.

"म्हंजे तोवर हे घर ठेवा लागते," विमलताई हळूच म्हणाली, साकेतकडे न बघता.

"मी बसतो ना!" पंजाबरावाला आवाज परत सापडला. "बारशापर्यंत कोनालेच आत येऊ देत नाही!"

"आंधी इचारून घेत जा रे बावा, कोन हाय थे!" विमलताई ओरडली, आणि अख्खी गल्ली हसली.

त्या दिवशी मोजणीचा टेप उघडला गेलाच नाही. साकेत निघताना मी त्याला गाठलं. "आता काय करणार?"

"जाऊन सांगेन, ही पाच घरं वेगळी काढता येत नाहीत. न्यायची तर एकत्र, अंगणासकट. ऐकतील की नाही माहीत नाही, मॅडम." मग लाजत म्हणाला, "लग्नाला बोलवाल ना?"

बोलावलं. वैशाखात तो आला, सोबत तो रोडगेवाला वयस्क माणूसही. बबनरावाच्या खोलीत वऱ्हाडाचा जानोसा, रूपसिंगच्या चुलीवर पंगतीची भाजी शिजली, नवरदेवाची आंघोळ पंजाबरावाच्या न्हाणीत. विठ्ठलरावाची टोपी त्या दिवशी एकदाही उतरली नाही.

सरकीपुरा मानतो की साकेतच्या सांगण्यानं योजना थांबली. मी मानत नाही. कापूस पडलेल्या त्या वर्षांत गावात पैसा नव्हता, दुकानांच्या संकुलाला ठेकेदारच पुढे आला नाही, हे खरं कारण. योजना कपाटात गेली. साकेतनं एक मात्र केलं, गल्लीची नाली बांधून झाकून देण्याचं काम मागे लागून करवून घेतलं. त्यासाठी त्याच्या मागे लागलेली मी होते, हेही लिहून ठेवते. वास गेला. आता सरकीपुऱ्यानं जावं असं मला वाटण्याचं कारण उरलं नाही. आणि समजा ते उद्या गेले, तर भांडायला मी कुणाकडे जाऊ?

पुढच्या वर्षी प्रेरणा बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बारशाच्या सकाळी मी गेले तेव्हा पंजाबराव ड्रमवर होता. त्यानं मला इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर विचारलं, "कोन? कुठून? कायले?" विमलताईचा हुकूम तो शब्दशः पाळत होता.

आत प्रेरणाच्या कडीला पाळणा. कडीला पंजाबरावानं तेल दिलेलं, कुरकुर नाही. दोरी अनुसयाबाईच्या हातात. ती आदल्या रात्रीच येऊन ठाकली होती. तेवढ्यात बारशाला आलेली उमरखेडची कुणी नातलग दाराशी घोटाळली. आत जावं की पलीकडच्या दारात, तिला समजेना.

"वन्सं, इहीनबाईचं घर कोनतं?" तिनं विचारलं.

अनुसयाबाईनं दोरी धरलेला हात उचलला आणि हवेत मोठा गोल काढला. पाळण्याला हिसका बसला, पोरगी भोकाड पसरून रडू लागली, आणि पाचही दारांतून बायका धावल्या.